माप आणि माया

आमच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलामागे एका फळीवर खतावणीच्या आकाराच्या तीन लांब वह्या ठेवलेल्या आहेत आणि त्यांत एकाही रुपयाची नोंद नाही. पहिल्या वहीचे पुठ्ठे सुटले, तेव्हा माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, तिला जुन्या चादरीच्या तुकड्याचे कव्हर शिवले. आत पानापानांवर उंची, छाती, कंबर, सीट, मुंढा (बाही जोडायची जागा), दंडघेर, पुढचा गळा, मागचा गळा असे रकाने आखलेले आहेत. समोर बाईचे नाव क्वचितच दिसते. बहुतेक ठिकाणी 'शाळेतल्या बाई', 'विडी घरकुलातल्या काकू', 'दवाखान्यातली सिस्टर' अशा खुणा आहेत. गेल्या महिन्यात परिचयातल्या एका मुलीने, जिला स्वतःचा कपड्यांचा व्यवसाय सुरू करायचा आहे, मला विचारले की तुमचा ब्रँड नेमका कशामुळे वाढला. मी तिच्यापुढे या वह्या ठेवल्या. त्या दिवशी तिला जे सांगितले ते थोडे सविस्तर लिहावे असे वाटले. लेखाची जाहिरात होऊ नये म्हणून ब्रँडचे नाव मुद्दाम देत नाही.

मी १९९९ साली लग्न होऊन बार्शीहून सोलापुरात आले, तेव्हा ब्रँड हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नव्हते. घरात परकर शिवले जात होते. माझे सासरे, म्हणजे मामा, शहरातल्या एका गिरणीत विणकाम खात्यात कामाला होते. १८७७ सालच्या जुन्या मिलपासून या शहराने गिरण्यांच्या भोंग्यावर दिवस मोजले आणि पुढे एकेक गिरणी बंद होताना तेच दिवस मोजणे थांबलेलेही पाहिले. मामांची गिरणी बंद पडली, देणी वर्षानुवर्षे अडकून राहिली, आणि घरातले एकुलते एक पायमशीन संसाराच्या मध्यभागी आले. सोलापूर म्हटले की लोकांना चादर आणि टॉवेल आठवतात, आणि ते योग्यच आहे, कारण या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मात्र माग घालायला भांडवल लागते, जागा लागते. आत्यांकडे मशीन होते आणि हात होता.

परकराचा धंदा बाहेरून फार साधा दिसतो. सहा कळ्या, कंबरेला नेफा, त्यात नाडी, एका बाजूला चीर, आणि काम संपले. प्रत्यक्षात त्याचे खरे अवघडपण रंगात आहे. साडी कोणत्याही रंगाची असू शकते, म्हणून एकाच मापाचा परकर दुकानदाराला तीस-चाळीस छटांत लागतो. त्यातल्या दहा छटा झपाट्याने जातात आणि उरलेल्या छटांमध्ये पैसा अडकून बसतो. पॉपलीनचे ताके राजस्थानातल्या बालोत्रा आणि पालीकडून रंगून येत आणि एकाच रंगाच्या दोन खेपा कधी तंतोतंत जुळत नसत. आत्यांच्या सासूबाई आयुष्यभर नऊवारी नेसल्या, त्यामुळे परकर म्हटले की त्यांना लहान मुलींचे परकर-पोलकेच आठवे, आणि मोठ्या बायकांसाठी डझनावारी परकर शिवून घर चालेल यावर त्यांचा बरेच दिवस विश्वास बसला नव्हता. घराघरांत सहावारी आली म्हणून आमच्या घरात चूल पेटली, असे आत्या म्हणत.

मापांची वही सुरू झाली ती एका शिक्षिकेमुळे. त्या चांगल्या उंच होत्या आणि बाजारातला परकर त्यांच्या घोट्याच्या वर राही, त्यामुळे साडीची किनार खालून पारदर्शक दिसे. आत्यांनी त्यांचे माप घेऊन परकर शिवला, आणि पुन्हा विचारावे लागू नये म्हणून आकडे लिहून ठेवले. मग त्यांच्या शाळेतल्या दुसऱ्या बाई आल्या, त्यांची बहीण आली. ठोक दुकानदाराला डझनाने जाणारा माल ठरलेल्या मापाचा असे. घरी येणाऱ्या बायकांसाठी मात्र वही उघडली जाई. त्या घरगुती गिऱ्हाइकांतून मिळणारी रक्कम किरकोळ होती आणि मामांना तो वेळेचा अपव्यय वाटे. आज मागे वळून पाहताना मला वाटते की आमचा सगळा पुढचा व्यवसाय त्या किरकोळ रकमेच्या मागेच उभा होता.

परकरानंतर गाऊन आला. घरात घालायच्या गाऊनला फॅशन म्हणावे की नाही, यावर आमच्याकडे एकदा बराच वाद झाला होता. माझे मत स्पष्ट आहे. ज्या कपड्यात बाई दिवसातले बारा तास वावरते, स्वयंपाक करते, धुणे धुते, मूल घेते, त्या कपड्याच्या बेतण्याकडे जो कारागीर दुर्लक्ष करतो, त्याला लग्नाच्या घागऱ्याविषयी बोलण्याचा अधिकार नाही. आमच्या गिऱ्हाइकांत विडी वळणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. या शहरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात; मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पाने, आणि तासन्‌तास एकाच बैठकीत काम. त्यांना मांडी घातल्यावर गुडघ्यावर ताणला न जाणारा घेर हवा होता, हात सतत पुढे असतात म्हणून मुंढा सैल हवा होता, आणि अंगावर पिणारे मूल असेल तर पुढे चेन हवी होती. सोलापूरजवळच्या कुंभारी येथे कामगार-शेतकरी चळवळीतल्या नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची, विडी कामगार बायकांसाठीची १०,००० घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली, तेव्हा आमच्या कितीतरी गिऱ्हाइकांचे पत्ते बदलले आणि आत्या महिन्यातून दोनदा गाठोडे घेऊन रिक्षाने तिकडे जाऊ लागल्या. परत येताना गाठोडे हलके आणि वही जड झालेली असे. दुसरी वही बहुतांशी त्या वसाहतीतल्या अंगणांत बसून भरलेली आहे.

इथे मला शिवणकामातला एक शब्द सांगितलाच पाहिजे. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड ठेवतात त्याला आपल्याकडे माया म्हणतात. अंग भरले, बाळंतपण झाले, वय वाढले की शिवण उसवायची, माया सोडायची आणि तोच कपडा पुन्हा वापरायचा, ही आपल्या बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. कारखान्यात थरावर थर लावून एकदम कापड कापायचे असेल, तर सगळ्यात आधी हीच माया कमी केली जाते, कारण दर नगामागे वाचलेला एक इंच हजार नगांना मोठी रक्कम होतो. आत्यांनी गाऊनला दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच माया ठेवली आणि खिशाच्या कोपऱ्यांवर हाताने टाका घातला, आणि या दोन गोष्टींवर त्यांनी मामांचे, कटिंग मास्टरांचे किंवा माझे कधीही ऐकले नाही. हिशेब मी पाहत असे. वर्षाकाठी किती मीटर कापड त्या मायेत जाते याचा आकडा मी एकदा त्यांच्यापुढे ठेवला होता. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "हे कापड वाया गेलेलं नाही, बाईच्या घरी गेलंय." त्यानंतर मी तो आकडा काढणे सोडून दिले.

स्वतःच्या लेबलाचा निर्णय याच मायेमुळे झाला. दुसऱ्या जिल्ह्यात एका नातेवाइकाच्या लग्नाची खरेदी करायला आत्या आणि ताई, म्हणजे माझ्या नणंद, एका मोठ्या दुकानात गेल्या होत्या. तिथे सेल्समनने गाऊन दाखवायला सुरुवात केली आणि चौथा गाऊन उलगडताच आत्यांनी तो उलटा करून पाहिला. आत दीड इंचाची माया होती, खिशाच्या कोपऱ्यावर हाताचा टाका होता, आणि मानेवर त्या दुकानाच्या नावाचे लेबल होते. किंमत आम्ही ठोकात दिलेल्या दराच्या जवळजवळ दुप्पट होती. दुकानदाराने काही बेकायदा केले होते असे मी म्हणत नाही, कारण आपला माल आपणच बिनलेबलाचा पाठवत होतो. पण आत्या त्या दिवशी जेवल्या नाहीत. रात्री त्यांनी एवढेच विचारले की आपले नाव लावायला किती खर्च येतो.

मामांचा विरोध होता आणि त्यामागे तर्क होता. ठोक दुकानदार हेच आमचे अन्नदाते होते. आपण नाव लावून किरकोळ विक्रीत उतरलो तर ते आपल्याला स्पर्धक मानतील आणि डझनाच्या ऑर्डरी बंद होतील, ही भीती खोटी नव्हती. बरेच आठवडे चर्चा झाल्यावर असा तोडगा निघाला की परकर आणि गाऊन पूर्वीप्रमाणे बिनलेबलाचे जातील आणि नव्याने सुरू करायच्या कुर्त्यांना मात्र आमचे नाव लागेल. नाव आत्यांच्या सासूबाईंचे ठेवले, ज्यांनी आयुष्यात कधी कुर्ती घातली नव्हती. व्यापारचिन्हाच्या, म्हणजे ट्रेडमार्कच्या, नोंदणीत तयार कपडे पंचविसाव्या वर्गात येतात. लहान उद्योगाला एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. व्यवसाय सुरू करणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हे पहिल्या दिवशी सांगते, कारण आम्ही ते बऱ्याच उशिरा शिकलो.

त्या काळात मी अशा घरगुती सुरुवातींविषयी मिळेल ते वाचत असे. मीना बिंद्रा यांनी बँकेकडून ८,००० रुपयांचे कर्ज घेऊन घरातून सलवार-कमीज विकायला सुरुवात केली, मुले पुढे धंद्यात आली आणि त्यातून 'बिबा' उभा राहिला, हे वाचून आम्हाला धीर आला. मात्र महानगरातल्या गिऱ्हाइकाचा रस्ता सोलापूरला जसाच्या तसा लागू होत नाही. आमच्याकडे लागू पडली ती आमच्याच शहरातली एक सोय. सोलापुरात शाळांचे गणवेश शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत. जानेवारी २०१७ मध्ये इथे गणवेश उत्पादकांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा बाहेरच्या लोकांना या धंद्याचा आवाका कळला, पण कारागीर आधीपासून होतेच. गणवेशाचा हंगाम जून-जुलैमध्ये संपतो आणि मग कटिंग मास्टर, ओव्हरलॉकवाल्या, काज-बटणवाल्या यांच्या हाताला काम कमी पडते. कुर्तीची मागणी नेमकी तिथून पुढे, श्रावणापासून दिवाळीपर्यंत चढत जाते. माझ्या पतींनी हे दोन हंगाम एकमेकांना जोडले, आणि आम्हाला नवी माणसे न शिकवता तयार हात मिळाले. गणवेश शिवणाऱ्या बायकांच्या कामात एक शिस्त असते. शंभर नग एकसारखे निघतात, आणि ही गोष्ट घरगुती शिंपीकामात सहसा मिळत नाही.

पहिल्या दोन वर्षांच्या कुर्त्या तरीही फसल्या. कापड चांगले होते, शिवण चांगली होती, आणि परत येणारा माल मात्र थांबेना. आम्ही एम, एल, एक्स-एल ही मापे बाजारात मिळणाऱ्या तक्त्यावरून घेतली होती आणि ते तक्ते मुळात परदेशी अंगकाठीवर बेतलेले होते. भारतीयांच्या अंगमापांचे स्वतःचे प्रमाण असावे म्हणून 'इंडियासाइज' हा प्रकल्प राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने हाती घेतला, ज्यात सहा शहरांत सुमारे २५,००० लोकांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची होती. यावरून हा प्रश्न एकट्या आमचा नव्हता हे उघड आहे. आमच्याकडे स्कॅनर नव्हता, वह्या होत्या. ताईंनी एका पावसाळ्यात बसून दोन्ही वह्यांतली सगळी मापे संगणकावर उतरवली आणि छातीच्या मापाप्रमाणे लावली.

त्यातून जे दिसले ते आमच्यासाठी डोळे उघडणारे होते. तक्त्यात छाती दोन इंचांनी वाढली की खांदाही ठरावीक प्रमाणात वाढत जातो. वहीतल्या बायकांचा खांदा छातीच्या ४० इंचांनंतर जवळजवळ तिथेच थांबत होता. वाढत होता तो दंडघेर, आणि पुढचा भाग मागच्या भागापेक्षा जास्त. म्हणजे मोठ्या मापाची कुर्ती घेतली की बाईच्या खांद्यावरून ती ओघळत होती, गळा पसरत होता, आणि दंडात मात्र तीच कुर्ती रुतत होती. कितीतरी बायका हा दोष स्वतःच्या अंगाचा समजून काउंटरवर खाली मान घालून उभ्या राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि मला त्याचा अजून राग येतो. आम्ही खांदा रोखला, दंडघेर वाढवला, मुंढ्याचा आकार बदलला आणि सीटपाशी घेर मोकळा केला. मास्टरांनी नवा कागदी नमुना कापायला आधी नकार दिला होता, कारण त्यांच्या तीस वर्षांच्या अनुभवात खांदा असा अडवलेला त्यांनी पाहिला नव्हता. पहिली कुर्ती ताईंनीच घालून त्यांना दाखवली. पुढच्या हंगामापासून परत येणारा माल झपाट्याने कमी झाला आणि तिथून पुढे आमच्या वाढीला खरी सुरुवात झाली, असे मी मानते.

कापडाच्या बाबतीत आम्हाला आमच्या सीमेचा फायदा झाला. इलकल आणि गुळेदगुड्ड ही गावे कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहेत, पण सोलापूरच्या घरांत ओटी भरायला खण तिथूनच येत आला आहे. खणाच्या कुर्त्यांची लाट आली तेव्हा बाजारात यंत्रमागावरचे पॉलिस्टर खण स्वस्तात आले आणि दोन्ही कापडे एकाच नावाने विकली जाऊ लागली. आम्ही दोन्ही प्रकार वापरतो, मात्र लेबलवर कोणता खण कशाचा आहे ते लिहितो. हातमागाचा खण पन्ह्याला अरुंद असतो, त्यामुळे त्याची अखंड कुर्ती बेतताना जोड द्यावेच लागतात; आम्ही ते जोड लपवण्याऐवजी समोरच्या कळीत आणि बाहीच्या पट्टीत बसवले. मकरसंक्रांतीच्या आधी काळ्या खणाच्या कुर्त्यांना इतकी मागणी असते की डिसेंबरभर दिवे रात्री उशिरापर्यंत चालू राहतात.

करांविषयीही थोडे लिहिते, कारण गिऱ्हाइकांना ते दिसत नाही आणि कपड्याच्या आत मात्र त्याचा परिणाम असतो. १ जुलै २०१७ पासून तयार कपड्यांच्या नगाची किंमत १,००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्याहून अधिक असेल तर १२ टक्के जीएसटी होता. आमच्यासारख्या ब्रँडने त्या हजारच्या रेषेखाली राहण्यासाठी आठ वर्षे कसरत केली. अस्तर पातळ केले, भरतकाम कमी केले. मायेला हात लावला नाही, पण दोनदा तो विषय बैठकीत आला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही रेषा २,५०० रुपयांवर गेली आणि त्यावरील कपड्यांना १८ टक्के कर आला. त्यानंतर आम्ही पहिले काम केले ते कुर्तीला पुन्हा सुती अस्तर लावण्याचे.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. लग्नसराईचा सगळा माल तयार होऊन पडला होता. आम्ही मुखपट्ट्या शिवल्या, ज्या कामगार बायका चालत येऊ शकत होत्या त्यांना कापून ठेवलेला माल घरी पोहोचवला, आणि ताईंनी मोबाइलवरून बायकांना स्वतःचे माप कसे घ्यायचे ते शिकवायला सुरुवात केली. टेप नसेल तर नाडीने मापा आणि नाडी पट्टीवर ठेवा, असे त्या सांगत. लातूर, धाराशिव, कलबुर्गी, विजयपूर इथल्या बायकांची मापे तिसऱ्या वहीत आहेत ती त्या महिन्यांतली. दुकान बंद असताना गिऱ्हाइकांचा परिघ वाढला. त्यातल्या बहुतेकींनी आम्हाला अजून प्रत्यक्ष पाहिलेले नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही फार उशिरा केली आणि ती लिहिल्याशिवाय हा हिशेब पूर्ण होत नाही. भागीदारीच्या पहिल्या करारात मामा आणि माझे पती यांचीच नावे होती. मशीन आत्यांचे, वही आत्यांची, नमुना ताईंचा, खतावणी माझी, आणि कागदावर आम्ही तिघी कुठेच नव्हतो. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता; तशी पद्धत होती आणि आम्हीही ती मानली. बँकेतल्या एका अधिकारी बाईंनी कर्जाच्या वेळी सहज विचारले की मापे कोण ठरवते, आणि उत्तर ऐकून त्यांनी करार पुन्हा वाचला. त्या वर्षी नवा करार झाला. मामांनी स्वतः आत्यांचे नाव पहिल्या ओळीत लिहायला लावले. आत्यांनी सही करताना पेन दोनदा खाली ठेवले, कारण त्यांचा हात थरथरत होता.

सध्या आमच्याकडे ३४ पासून ४८ पर्यंत मापे आहेत आणि ५० च्या मापाचा नमुना अजून जमलेला नाही. तिसऱ्या वहीत त्या मापाच्या बायकांची पाने कमी आहेत, आणि ज्या आहेत त्यांचे दंडघेर एकमेकींशी जुळत नाहीत. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी जानेवारीत गावोगावच्या बायका सोलापुरात येतात, तेव्हा ताईंची मुलगी काउंटरच्या बाजूला टेप घेऊन बसणार आहे. तिच्यासाठी चौथी वही आणून ठेवली आहे, आणि आत्यांनी त्या वहीवर चादरीचे कव्हर आताच घालून दिले आहे.